भुसावळचा फाटा आणि जुन्या जीपची चाके

भुसावळ म्हटले की तुम्हाला काय आठवते? बहुतेकांना गाडी बदलणे आठवते. मुंबईहून आलेला लोहमार्ग इथे दुभंगतो. एक फाटा खंडवा-इटारसीकडे जातो, दुसरा अकोला-नागपूरकडे. मध्यरात्री फलाटावर पिशव्या उशाला घेऊन पडलेली माणसे, केळीवाल्याची हाक आणि उन्हाळा असेल तर रात्रीसुद्धा तापलेली फरशी, एवढेच भुसावळ अनेकांनी पाहिलेले असते. पण वाचकहो, आज मी तुम्हाला स्टेशनात बसू देणार नाही. पुढची गाडी यायला तीन-चार तास आहेत असे समजा आणि माझ्याबरोबर बाहेर चला. महामार्गाच्या कडेला टायरवाल्यांची दुकाने आहेत, तिथे जायचे आहे.

टायरच्या दुकानात काय पाहायचे, असे म्हणाल. अहो, भुसावळ हे गावच चाकावर उभे राहिलेले आहे. १८६० नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ खानदेशात आला. १८६७ मध्ये तो नागपूरला पोचला आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता ही दोन टोके जोडली गेली. दोन्ही वाटा भुसावळवरून जाणाऱ्या, म्हणून इथे इंजिनांचे शेड आले, कारखाना आला, रेल्वेची वसाहत आली. जुन्या वाफेच्या इंजिनाच्या चाकाला बाहेरून पोलादाचे कडे असे. तापवून फुगवलेले ते कडे चाकावर चढवत आणि थंड झाले की ते आवळून बसे. त्या कड्यालाही रेल्वेतले लोक टायरच म्हणतात.

आता हेच काम तुम्ही तुमच्या गावात पाहिलेले नाही का? लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतो तो दिवस आठवा. चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी घेराची लोखंडी धाव तो करतो, गोवऱ्यांचे कडे रचून त्यात तिला लाल होईस्तोवर तापवतो, मग दोघे-तिघे सांडशीने उचलून ती चाकावर घालतात, घणाने ठोकतात आणि घागरीने पाणी ओततात. चर्र आवाज होतो, वाफ उठते, आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळे करकचून एक होते. घेर किती कमी ठेवायचा यातच लोहाराची अक्कल. जास्त कमी ठेवला तर आरे वाकतात. सैल राहिला तर चैत्र-वैशाखात लाकूड वाळले की धाव निखळून पडते. म्हणून जुने गाडीवान उन्हाळ्यात गाडी मुद्दाम नदीच्या पाण्यातून काढत. लाकूड फुगावे आणि धाव घट्ट बसावी, हा हेतू. टायर चाकाच्या मापाचा हवा, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

मग रबर आले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या रबरी टायरचा पेटंट घेतला. पुढे तो टायर बैलगाडीलाही लागला. काही भागांत अशा गाडीला लोक नुसते ‘डनलॉप’च म्हणू लागले. बैलगाडीचा हा टायर १९ इंची रिमचा असतो. आणि लोहाराच्या हातून गेलेले मापाचे ज्ञान तेव्हापासून आपण टायरच्या बाजूवर छापलेल्या नंबरावर सोपवून टाकले. नंबर जुळला की टायर जुळला, असे आपण धरून चालतो. इथेच घोटाळा होतो. तो सांगण्यासाठीच तुम्हाला आज इकडे आणले आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी अशाच एका दुकानासमोर उभा होतो. माझ्या मोटारसायकलचे पंक्चर काढायचे होते. शेजारी एक जुनी जीप जॅकवर चढवलेली होती. उंच बोनेट, गोल दिवे, पुढची काच आडवी पाडता येणारी. अशी जीप अमेरिकेत विलीज कंपनीने १९५३ मध्ये काढली आणि आपल्याकडे महिंद्र कंपनीने ती पुढे कितीतरी वर्षे बनवली. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हापासून गावात सरकार यायचे ते अशाच जीपमध्ये बसून. लांबून धूळ दिसली की ‘बीडीओ आला’ असे पोरे ओरडत. माझ्या खात्यातल्या जुन्या लोकांची निम्मी नोकरी तिच्या मागच्या बाकड्यावर गेली.

ही जीप मात्र खासगी होती. यावल तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराची, १९६६ सालची. म्हातारे मालक दुकानाच्या बाकावर बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या बागेत ठिबकचे काम झाले तेव्हापासूनची ओळख. जीपजवळ त्यांचा नातू उभा होता.

“साहेब, बरं झालं भेटले. या पोऱ्याला सांगा जरा. चांगली गाडी, तिला राक्षसाचे पाय लावतोय.”

नातवाचे लग्न वैशाखात ठरले होते. वरात आजोबांच्या जीपमधूनच काढायची, असा त्याचा हट्ट. हट्ट चांगला होता. त्याने इंजिन उघडून घेतले होते, रंग काढला होता, वायरिंग नवे केले होते. आता टायर. कुठल्याशा भंगारवाल्याकडून त्याने आजकालच्या मोठ्या गाडीचे चार रुंद रेडियल आणले होते, नक्षी जवळजवळ नव्यासारखी, किंमत निम्म्याहून कमी.

“सोळाचाच रिम आहे साहेब, टायरपण सोळाचा. मग बसायला काय हरकत आहे?” तो म्हणाला.

दुकानदार चाचा काही बोलत नव्हते. ते टॉमीने एका चाकावरचा जुना टायर उतरवत होते. तो टायर पाहून मी आबांकडे पाहिले. तीन उभ्या रेघांचा होता, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा!

आबा हसले. “सहाशे-सोळा. जीपचाबी तोच नंबर, ट्रॅक्टरचाबी तोच. घरात पडलेले होते, लावले.”

तुमच्यापैकी किती जणांनी हे केले आहे, ते मनातल्या मनात कबूल करा. ६.००-१६ हा जुन्या जीपचा नंबर आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचाही नंबर. रिमवर तो बसतोही अगदी बरोबर. पण ट्रॅक्टरचा टायर ट्रॅक्टरच्या चालीसाठी बनवलेला असतो. त्याच्या बाजूवर ‘ए ६’ किंवा ‘ए ८’ अशी खूण असते. ए ६ म्हणजे ताशी ३० किलोमीटरपर्यंत, ए ८ म्हणजे ४० पर्यंत. शेतात आणि शिवारात ठीक. तोच टायर महामार्गावर साठ-सत्तरने पळवला, तोही आमच्या खानदेशच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, तर आतल्या आत तापून त्याचे थर सुटू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणजे आजोबा नंबरावर फसले होते आणि नातूही नंबरावरच फसत होता. फक्त दोघांचे नंबर वेगळे.

आता रेडियल म्हणजे काय, ते सांगतो. दुकानात विचारले तर ‘चांगला असतो, महाग असतो’ एवढेच उत्तर मिळते. जुन्या पद्धतीच्या टायरला आपण नायलॉन टायर म्हणतो. त्याच्या आतले दोरे तिरके, एकमेकांवरून जाणारे असतात, घरातली बाज विणतात तसे. बाजेवर बसले की सगळी बाज एकदम लवते. या टायरचेही तसेच, बाजू आणि तळ एकत्र हलतात. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, चाकाच्या आऱ्यांसारखे, आणि त्यांच्यावर घेराने पोलादी तारांचा पट्टा असतो. आरे आणि वरून धाव! लोहार-सुतारांनी जे लाकडात केले तेच फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने रबरात केले आणि १९४६ मध्ये त्याचा पेटंट घेतला. आपल्या देशात जे. के. कंपनीने १९७७ मध्ये रेडियल टायर आणले. पट्टा ताठ असल्यामुळे रेडियलचा तळ रस्त्यावर सपाट टेकतो, पकड चांगली मिळते, कमी तापतो आणि जास्त चालतो. बाजू मात्र मऊ असतात, म्हणून हवा बरोबर असली तरी खाली थोडा फुगवटा दिसतो. आपला माणूस तो फुगवटा पाहून ‘हवा कमी आहे’ म्हणतो आणि आणखी पाच-दहा पौंड भरून घेतो. तसे करू नका. हवा मापून भरा, सकाळी गाडी थंड असताना भरा. दुपारच्या उन्हात पळून आलेल्या टायरचे माप खोटे असते.

रेडियल चांगला, यात वाद नाही. प्रश्न आहे तो चाकाचा. १९६६ सालच्या जीपचे चाक ज्यांनी बनवले त्यांच्या डोळ्यांसमोर नायलॉन टायर होता.

मी नातवाला म्हटले, “तुझ्या रिमची रुंदी मोज बघू.” चाचांनीच आतून मोजपट्टी दिली. आतल्या कडेपासून कडेपर्यंत साडेचार इंच. तो ज्या गाडीचे टायर घेऊन आला होता तिचा रिम साडेसहा इंचांच्या आसपास असतो. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, तळ मध्ये फुगतो, टेकतो तेवढाच मधला पट्टा झिजतो, आणि वळणावर ताण आला की कडा रिमवरून सरकायला पाहते. शिवाय असा टायर पुढच्या चाकाला लावून स्टिअरिंग पुरते वळवले तर तो स्प्रिंगला घासण्याची भीती. हे सगळे दिसायला मात्र फार रुबाबदार दिसते, हे मलाही मान्य आहे.

टायरवरचा हिशेब असा वाचायचा. समजा लिहिले आहे १८५/८५ आर १६. पहिला आकडा रुंदीचा, १८५ मिलिमीटर. दुसरा सांगतो की टायरची उंची रुंदीच्या शेकडा ८५ आहे, म्हणजे साधारण १५७ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. वरची उंची, खालची उंची आणि मधला रिम यांची बेरीज केली की चाकाची पूर्ण उंची येते, सुमारे ७२० मिलिमीटर. जुना ६.००-१६ नायलॉनही जवळजवळ तेवढाच उंच. म्हणजे जुन्या गाड्यांना लागतात ते बारीक आणि उंच टायर. हल्लीचे टायर रुंद आणि बुटके. उंची बदलली की वेगाचा काटा खोटे बोलू लागतो आणि गिअरची ओढही बदलते. आणि प्रत्येक टायर किती रुंदीच्या रिमवर चालतो, याचा तक्ता टायर कंपन्यांकडे असतो. दुकानदाराकडे तो मागायला लाजू नका. बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी वाचा म्हणून आम्ही तुमच्या कानीकपाळी ओरडतो, तीच गोष्ट इथे.

चाचा इतक्या वेळाने बोलले. “साहेब, टायरचं नंतर. आधी चाक बघा.”

त्यांनी उतरवलेले चाक उन्हात आडवे ठेवले. टायरची कडा जिथे रिमवर टेकते तिथे गंजाचे खवले होते, बोटाने निघतील असे. त्यांनी तारेच्या ब्रशने ते घासले, फडके मारले, आणि नटांच्या भोकांभोवती नख फिरवत गेले. तिसऱ्या चाकावर ते थांबले. एका भोकापासून केसाइतकी बारीक रेघ निघाली होती. रॉकेलचा बोळा लावून पुसले आणि वर खडूची पूड टाकली तशी ती रेघ काळी उमटली. चीर होती.

“यावर नायलॉन अजून दोन वर्षं चालला असता कदाचित,” चाचा म्हणाले. “रेडियल याला ओढून फाडेल.”

का, ते त्यांनी सांगितले नाही, मी सांगतो. नायलॉन टायर वळणावर थोडा घसरून ताण सोडून देतो. रेडियल पकड सोडत नाही; मग तो ताण जातो कुठे? रिमच्या कडेवर आणि चाकाच्या तबकडीवर. नवे चाक त्यासाठी बनवलेले असते. पन्नास-साठ वर्षे खड्ड्यांत आपटलेले, गंजलेले चाक ते सोसेलच याची खात्री नाही. म्हणून जुन्या गाडीला रेडियल घालण्यापूर्वी प्रत्येक चाक उघडे करून तपासायचे. गंज, चीर, वाकलेली कड. धुरीवर चढवून हाताने फिरवायचे आणि जवळ खडू धरायचा. चाक डगमगत असेल तर खडूची खूण एकाच बाजूला उमटते. चिरेला वेल्डिंग मारून ‘चालेल’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नका. आबांच्या त्या चाकाला चाचांनी बाजूला ठेवले आणि सगळ्यांना दिसेल असे त्यावर खडूने फुली मारली.

ट्यूबचेही ऐकून ठेवा. हल्लीच्या चाकात टायरची कडा आत घसरू नये म्हणून रिमवर एक बारीक उंचवटा असतो. जुन्या रिमला तो नसतो. काही जुन्या रिमांना तर तबकडी रिव्हेटने ठोकलेली असते, तिथून हवा झिरपते. म्हणून जुन्या चाकावर ट्यूबशिवाय टायर चालवू नये. ट्यूब घालायची, नवी घालायची, आणि रेडियलसाठी बनवलेली घालायची. कारण रेडियलच्या बाजू सतत लवतात आणि साधी ट्यूब आत घासून घासून फाटते. त्यातही टायर मुळात ट्यूबलेस म्हणून बनवलेला असला तर त्याच्या आतल्या अंगाला रेघा आणि कागदी चिठ्ठ्या असतात, त्या ट्यूबला कापतात. चाचा प्रत्येक टायरच्या आत हात फिरवतात, खडा, चिठ्ठी, काय असेल ते काढतात आणि मग शंखजिऱ्याची पूड उडवून ट्यूब बसवतात. कडा बसण्यासाठी साबणाचे पाणी लावतात. बसत नसेल तर हवा वाढवत नाहीत. चाळीस पौंडांवर कडा बसली नाही तर हवा सोडून पुन्हा पहिल्यापासून, हा त्यांचा नियम. फुटलेला टायर माणसाला उचलून फेकतो, हे त्यांनी पाहिलेले आहे.

जाता जाता एक धोक्याची गोष्ट. युद्धकाळातल्या लष्करी जीपगाड्या अजून कुणाकुणाकडे आहेत. त्यांतल्या पुष्कळांचे रिम दोन तुकड्यांचे असतात, नट-बोल्टांनी जोडलेले. हे जोडाचे नट आणि चाक गाडीला बांधणारे नट वेगवेगळे. टायरमध्ये हवा असताना चुकून जोडाचे नट सोडले तर रिम बाँबसारखा उडतो. अशा चाकाला हात लावण्यापूर्वी हवा पूर्ण काढा, व्हॉल्व्हची पिनसुद्धा बाहेर काढून ठेवा.

नातू हिरमुसला होता. तो म्हणाला, “मग पुढच्या दोन चाकांना तरी चांगले रेडियल घालतो साहेब, मागचे नायलॉन राहू दे. एवढा खर्च एकदम कसा करणार?”

हे ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण हेच वाक्य मी एकदा ऐकले होते आणि त्याला मान डोलावली होती.

१९९८ चा जून महिना. मी नोकरीत नवा, यावलकडे केळी बागायतदारांचे शिबिर होते. खात्याची गाडी नादुरुस्त होती, म्हणून एक जुनी जीप भाड्याने ठरवली. ठरवली मीच. मालकाने पुढच्या चाकांना दोन रेडियल घातलेले, मागे गुळगुळीत झालेले नायलॉन. मी सहज विचारले तर म्हणाला, पुढच्या चाकावरच तर सगळा जीव असतो. मला पटले. बीएस्सी ॲग्रीकल्चर झालेला माणूस मी, पण चाकाबद्दल गाडीवानाइतकेही ज्ञान मला नव्हते. तापीचा पूल ओलांडला आणि पहिल्या पावसाचे थेंब आले. आपल्याकडची काळी माती कशी असते, ती तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेला चिखल डांबरावर पसरलेला आणि त्यावर नुकतेच पडलेले पाणी. पुढे वळण आले. पुढची चाके वळली, रस्त्याला धरून वळली. मागची आली नाहीत. गाडीची मागची बाजू सरकत पुढे गेली, आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून जीप चारीत पडली. मला खरचटले. माझ्या शेजारी बसलेले आमच्या कार्यालयातले जुने सहकारी, ज्यांनी मला कामाचा ओनामा शिकवला, त्यांच्या मांडीचे हाड मोडले. निवृत्त होईपर्यंत ते काठी घेऊन चालत. मला ते कधी काही बोलले नाहीत.

ते वळण तिथेच आहे. रस्ता रुंद झाला आहे. त्या बाजूला गेलो की मी अजून तिथे गाडी हळू करतो.

मी नातवाला हे सगळे सांगितले नाही. फक्त एवढे म्हटले, “चारही घाल, नाहीतर एकही घालू नको.” नियम असा आहे की एकाच आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीच नाही. दोनच रेडियल असतील तर ते मागच्या आसावर. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन हे तर कदापि नाही. पुढचे घट्ट धरतात, मागचे सुटतात, आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. आणि जीपसारख्या चारही चाके ओढणाऱ्या गाडीत तर चारही टायर एकाच जातीचे, एकाच उंचीचे असावेत.

आबा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “बाजेची दोरी निम्मी नवी, निम्मी जुनी घातली तर माणूस खड्ड्यातच झोपतो भो.”

पैशांचे गणित मग तिथेच बाकावर बसले. नातवाने भंगारातून आणलेल्या टायरच्या बाजूवर चार आकडी खूण शोधली. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. त्यावर ‘३१११’ होते, म्हणजे २०११ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातले. नक्षी शाबूत, पण रबराच्या बाजूला उन्हाने बारीक भेगा. नक्षी किती उरली आहे एवढेच आपण पाहतो. कायद्याने जीप-मोटारीला किमान १.६ मिलिमीटर खोली लागते, आणि नक्षीच्या खाचांत तेवढ्याच उंचीचे छोटे गठ्ठे असतात, ते रबराच्या बरोबरीला आले की टायर संपला. पण वय झालेले रबर नक्षी असूनही संपलेले असते. भंगारवाल्याने ते परत घ्यायला नकार दिला. पुढे ते आबांच्या खळ्यावर आले. एकात म्हशीचे पाण्याचे घमेले बसवले आहे, ते आता कलंडत नाही.

चाचांनी त्याच मापाचे, ६.०० आर १६ चे, ट्यूबवाले चार रेडियल मागवले. ते दुकानात ठेवत नाहीत, गिऱ्हाईक कमी. दहा दिवस लागले. चीर पडलेल्या चाकाच्या जागी एक चाक जुन्या जीपच्या दुसऱ्या मालकाकडून मिळाले, तेही चाचांनी आधी घासून, खडू लावून पाहिले. टायर बसवल्यावर चाके तोलून घेतली, पुढच्या चाकांचा रोख तपासला. मी मुद्दाम त्या दिवशी गेलो होतो. आबांनी स्टिअरिंग हातात घेतले. जागच्या जागी वळवताना ते पूर्वीपेक्षा जड लागते, अशी त्यांची तक्रार. गाडी चालू झाल्यावर मात्र गप्प झाले.

एक कागदाची बाब राहिली, ती थोडक्यात. ज्यांच्याकडे पन्नास वर्षांहून जुन्या मोटारी किंवा मोटारसायकली मूळ स्वरूपात आहेत, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळी नोंदणी काढली. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा लागतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अशा नोंदणीची गाडी प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या फेरीला, दुरुस्तीला किंवा इंधन भरायला रस्त्यावर नेता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. आबांनी ती केली नाही. त्यांना जीपमधून बाजारला जायचे असते, म्हणून नेहमीची नोंदणीच त्यांनी चालू ठेवली आहे.

वैशाखात लग्न झाले. वरातीत जीप ताशी पाच किलोमीटरने चालली, त्या चालीला ट्रॅक्टरचे टायरसुद्धा चालले असते, असे आबा मला पंगतीत कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत वाढून घेताना म्हणाले. खरे काम जूनमध्ये पडले. नव्या सुनेला पहिल्यांदा माहेरी न्यायचे होते, वरणगावच्या पलीकडे. सकाळपासून पाऊस लागला होता. नातवाने निघताना चारही टायरची हवा मापली. पाचवे चाक, पाठीवरचे, नायलॉनच राहिले होते. मी फोनवर सांगितले, ते लागलेच तर हळू चालवून जवळच्या दुकानापर्यंतच जा, आणि तेही मागच्या चाकाला लावू नको. मागचे पंक्चर झाले तर पुढचा रेडियल मागे आण आणि नायलॉन पुढे लाव. “म्हणजे दोनदा जॅक लावायचा, पावसात?” तो म्हणाला.

“दोनदा,” मी म्हटले.

चला, तुमच्या गाडीची वेळ झाली. फलाट क्रमांक विचारून घ्या, भुसावळला तो ऐन वेळी बदलतो.